पाचव्या प्रकरणावरचा तुमचा आक्षेप

मॅडम,

गेल्या आठवड्यात पीएच.डी.ची व्हायव्हा झाली. पास झाले. विद्यापीठाच्या इमारतीच्या पायऱ्या उतरताना हात आपोआप पर्समध्ये गेला, फोन बाहेर आला, तुमचं नाव काढलं आणि मग लक्षात आलं. तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. संदीपने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "कुणाला लावतेयस?" मी म्हटलं, "कुणाला नाही." तो गाडी काढायला गेला. म्हणून आता हे लिहिते आहे. पाचव्या प्रकरणावरचा आपला वाद अर्धवट टाकून तुम्ही गेलात. तो पुढे कुठवर आला ते तुम्हाला सांगायला नको?

आधी शोकसभेचं सांगते, म्हणजे तुमची थोडी करमणूक होईल. तुम्हाला 'व्रतस्थ' म्हणाले. एक जण 'ऋषितुल्य' म्हणाले. मी मागच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून क्रिकेटची मॅच बघणारी बाई व्रतस्थ कशी असेल? मग तुमच्या विभागातल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, मॅडमनी कधी कुणावर आवाज चढवला नाही. तेव्हा मात्र मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. कोपरीतल्या तुमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकही घर नसेल ज्याने तुम्ही माझ्यावर चढवलेला आवाज ऐकला नाही. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तिथे तुमच्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मला तुमच्याबद्दल काही बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती प्राचार्यांच्या धाकाने. डोंबिवलीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं आणि पीएच.डी. नाही, हे आता चालणार नाही असं त्यांनी गोड शब्दांत सुनावलं होतं. मी विषयांची चळतच घेऊन आले होते. तुम्ही एकेक ऐकत होतात आणि मान हलवत होतात. 'जागतिकीकरण' या शब्दाने सुरू होणारे सगळे तर तुम्ही पुरते ऐकलेही नाहीत. शेवटी मी घाबरत घाबरत तळाचा विषय काढला, पोळी-भाजी केंद्रं. ऑफिसातून परतणाऱ्या बाया वाटेत थांबतात, गरम पोळ्या, एखादी सुकी भाजी, थोडी आमटी बांधून घेतात, ती दुकानं. आमच्याकडे डोंबिवली-कल्याणात ती इतकी आहेत की त्यांच्यात बघण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही.

"तू स्वतः आणतेस पोळ्या?"

"हो. रोज."

"शेजारणींना सांगतेस?"

"नाही."

"का नाही?"

"लाज वाटते थोडी."

"मग हाच घे," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या यजमानांना, अरविंदकाकांना, चहा टाकायला सांगितलंत.

माझा प्रबंध तुम्ही कधी हातात धरून वाचलाच नाहीत, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. बाकीच्यांचे गाइड फायलीवर लाल खुणा करून ईमेलने पाठवतात. तुमच्याकडे रविवारी सकाळी कोपरीत यायचं, समोरच्या खुर्चीत बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. तळटिपांसकट. तुम्ही मटार सोलत नाहीतर मेथी निवडत ऐकायचात. मला पहिल्यांदा वाटलं, बाईंचं लक्ष नाही. पण आवाज जरा पडला की तुमचा हात थांबायचा.

"इथे तू घाईने गेलीस. म्हणजे इथे तुझी तुलाच खात्री नाही."

"घसा बसलाय, मॅडम."

"अरविंद, हिला पाणी दे रे. आणि तू परत वाच, वर्षा."

अरविंदकाका पाणी ठेवायचे आणि तिथेच टेकायचे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, समाजशास्त्राशी काडीचा संबंध नाही, पण माझी सगळी प्रकरणं त्यांनी माझ्या गाइडइतकीच ऐकली आहेत. 'आंतरसंबंध' हा शब्द आला की ते कपाळाला हात लावायचे. तो शब्द मी प्रबंधातून काढून टाकला. तुम्हाला तेव्हा किती शिव्या घातल्या असतील मनातल्या मनात, याची गणती नाही. इतरांच्या तिसऱ्या प्रकरणावर सह्या व्हायच्या आणि मी अजून पहिल्याचं पाचवं पान घसा फोडून वाचत असायचे. पण आज वर्गात उभं राहून एखादं वाक्य बोलताना माझं मलाच ऐकू येतं, हे पोकळ आहे, हे भरीव आहे. हे कान तुम्ही दिलेत. याचे आभार मानायचे राहूनच गेले.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्या घरी आल्या तेव्हा एक हात आणि बोलणं गेलं होतं. कॉलेज, घर, आईंचं सगळं पलंगावर. मी तुम्हाला मेसेज टाकला, नोंदणी रद्द करायची म्हणते. तुमचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, सुटले. रविवारी दाराची बेल वाजली आणि दारात तुम्ही, मागे हातात फळांची पिशवी घेऊन काका. फोन नाही, काही नाही.

"तुला कोपरीला येता येत नाही. मला डोंबिवलीला येता येतं. काढ तिसरं प्रकरण."

"मॅडम, मी आईंना पेज भरवतेय."

"भरव ना. तोंडाने वाच, हाताने भरव."

आईंच्या पलंगाशी बसून तुम्ही माझ्याकडून ते प्रकरण वाचून घेतलंत. चमच्यागणिक एक वाक्य. त्या दिवशी मला तुमचा एवढा राग आला होता की तुमच्या पुढ्यात चहा मी जवळजवळ आपटला. आणि तुम्ही जात असताना आईंनी, ज्यांचं बोलणं कुणाला समजत नव्हतं, त्यांनी चांगला हात उचलून आधी माझ्या हातातल्या कागदांकडे, मग दाराकडे दाखवला आणि अडखळत विचारलं, "यात... हे... कुठायत?"

दारात आप्पा उभे होते. माझे सासरे. हातात कापडी पिशवी. पोळ्या आणायला निघाले होते.

मॅडम, पाचव्या प्रकरणाचा जन्म तिथे झाला, आणि आपल्या भांडणाचाही. आप्पांना घरात मिठाचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. आई आजारी पडल्या आणि केंद्रावर जाणं त्यांच्याकडे आलं. सुरुवातीला ते कडेला उभे राहायचे आणि काहीतरी भलतंच मागत असल्यासारखे हळू आवाजात पोळ्या मागायचे. मग हळूहळू कुठल्या वारी कुठली भाजी असते ते त्यांना पाठ झालं. पोळी जाड झाली तर सांगू लागले. त्यांच्याबरोबर जाऊन मी बघितलं तर तिथे त्यांच्यासारखे कितीतरी. निवृत्त, टक्कल पडलेले, हातात पिशवी, आपापसात राजकारणावर तावातावाने बोलणारे. मी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि प्रकरण लिहिलं. म्हटलं, जो पुरुष स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडत नाही, तो दुकानाच्या काउंटरपाशी मात्र रोज उभा राहतो. स्वयंपाक घराबाहेर आला म्हणून पुरुषाला त्याच्याजवळ यायला वाट मिळाली.

ते वाचताना माझा आवाज कुठेही पडला नव्हता. तुम्ही मटार सोलून संपवलेत, सालं बाजूला केलीत.

"झालं?"

"झालं. कसं वाटलं?"

"छान लिहिलंयस. खोटं आहे."

"खोटं कसं असेल? मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंस?"

"पुरुष उभे असलेले."

"उभे असलेलेच ना? त्यांना तिथे उभं कुणी केलं ते पाहिलंस? तुझी सगळी निरीक्षणं संध्याकाळची आहेत. ऑर्डर दुपारी जाते, वर्षा. दुपारी जाऊन बस."

चडफडत गेले. मे महिन्याच्या सुट्टीत, डोंबिवलीतल्या दोन आणि कल्याणातल्या एका केंद्रात, तव्याच्या धगीत बसले. आणि ऐकलं. फोनमागून फोन. "ताई, आज आठ पोळ्या. भाजी कुठलीय? भेंडी नको, धाकटा खात नाही. फ्लॉवर द्या. तिखट कमी, सासऱ्यांना चालत नाही. तेच येतील न्यायला." सगळे आवाज बायकांचे. ऑफिसातून, बसमधून, कुणी शाळेच्या स्टाफरूममधून हळूच. संध्याकाळी येणारे पुरुष तयार पिशवी उचलून जात होते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण आमच्या घरी आईंना फोनवर बोलता येत नव्हतं, आणि मी केंद्राला महिन्याचं एकदाच सांगून ठेवलं होतं.

परत येऊन तुम्हाला सगळं वाचून दाखवलं. तुम्ही अगदी शांत होतात, जिंकलेला माणूस असतो तसा.

"मग?"

"मग काय? न्यायला तरी येतात ना. आधी तेही येत नव्हते."

"टपाल आणणारा माणूस पत्र लिहीत नाही."

"पण रोज त्याच दारात गेला तर घर ओळखीचं होतं की नाही?"

"आमच्याकडेच बघ. पोळ्या हा आणतो. किती आणायच्या, उद्या कोण जेवायला आहे, फ्रिजमध्ये काय उरलंय, हे कुणाच्या डोक्यात असतं? हात ह्याचे, डोकं माझं. तुझ्या प्रकरणात तू नुसते हात मोजलेस."

"मी इथेच बसलोय," काका म्हणाले.

"बस ना. तू उदाहरण आहेस."

पुढचे किती रविवार आपण यावर घालवले, मॅडम. मी म्हणायचे, डोकं एका दिवसात बदलत नाही, आधी पाय त्या वाटेला लागतात. तुम्ही म्हणायचात, पाय वाटेला लागतात आणि तिथेच थांबतात, कारण डोकं चालवणारी बाई घरात तयार असते. मी हट्टी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काय कमी होतात? शेवटी दुपारच्या फोनांचा एक परिच्छेद मी प्रकरणात घातला आणि निष्कर्ष जसाच्या तसा ठेवला. माझ्या मनात आप्पा होते. कडेला उभा राहून हळू आवाजात बोलणारा तो माणूस आणि आता पोळी जाड झाली म्हणून सांगणारा माणूस, यांच्यात काहीच फरक नाही, हे मी मानणार नव्हते.

कल्याणहून बाइंडिंग करून आणलेल्या प्रती घेऊन सहीला आले तो दिवस आठवतो. मरून रंगाचं कव्हर, सोनेरी अक्षरं. काका कव्हरवरून हात फिरवत होते. तुम्ही प्रमाणपत्राचं पान काढलंत, पेन उचललंत आणि परत खाली ठेवलंत.

"मला पाचवं पटलेलं नाही."

"मग नका करू सही," मी म्हटलं. रडायच्या बेतात होते.

"सही तुझ्या कामाला आहे, वर्षा. माझ्या पटण्याला नाही." आणि सगळ्या प्रतींवर, एकेक करून, सावकाश सह्या केल्यात.

मी त्या दिवशी घरी येऊन संदीपला सांगितलं, या बाईंना जगात कशाचंच कौतुक नाही. आज कॉलेजात मुलांच्या प्रकल्पांवर सही करायची वेळ येते तेव्हा तुमचं ते वाक्य मला दम देतं. मला न पटणाऱ्या मुलाला मी आता पहिल्यासारखं परत पाठवत नाही. तुमच्याकडून मी सर्वांत उपयोगाचं जर काही घेतलं असेल तर ते हे.

पुढचं सगळं भराभर झालं. परीक्षकांचे अहवाल आले तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. मी धावत आले. वाटलं, बातमीने बरं वाटेल.

"दोन्ही रिपोर्ट चांगले आहेत, मॅडम."

"पाचव्याबद्दल काय म्हणतात?"

"कौतुक केलंय दोघांनी."

तुम्ही तोंड वाकडं केलंत. इतक्या अशक्त माणसाला एवढं वाकडं तोंड करता येतं हे मला माहीत नव्हतं. "दोघांनाही कळलेलं नाही," तुम्ही म्हणालात. मग नर्स आली आणि मला बाहेर काढलं. दाराशी मी म्हटलं, "बरं व्हा, मग भांडू." मला वाटतं तुम्ही हसलात. पण मी दरवाजा लावून घेत होते, मला नीट दिसलं नाही. ते नीट बघायला हवं होतं असं रोज वाटतं.

तुम्ही गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी कोपरीला गेले. काका एकटे होते. घर स्वच्छ होतं, म्हणजे ते अगदी शिकस्तीने स्वच्छ ठेवलेलं होतं. चहा त्यांनीच केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ते म्हणाले, "परवा केंद्रावर गेलेलो, वर्षा. तिथली बाई म्हणाली, काका, किती देऊ? आणि मला सांगताच येईना. इतकी वर्षं आणतोय. कुमुद सांगायची, मी आणायचो. मला एकट्याला किती लागतात, मला ठाऊकच नाही."

"मग?"

"मागे लाइन होती. ती म्हणाली, काका, तीन न्या, आमटी देते थोडी. मी घेऊन आलो."

मी चहाचे कप आत नेऊन ठेवले. जिना उतरले आणि रस्त्यात, रिक्षांच्या त्या कलकलाटात, मला रडू कोसळलं. आणि रडता रडता तुमचा आवाज ऐकू आला, अगदी स्वच्छ, चढलेला: बघ, परत बाईनेच सांगितलं. मॅडम, मला त्या क्षणी तुमचा भयंकर राग आला. नवरा तिथे वर एकटा बसलाय आणि तुम्हाला अजून मुद्दा सोडवत नाही. मी डोळे पुसून स्टेशनाकडे चालत निघाले आणि चालता चालता तुमच्याशी भांडत होते.

व्हायव्हाचं आता सांगते. तुमच्या जागी विभागातले एक सर बसले होते. चांगले आहेत, त्यांनी प्रबंध मनापासून चाळला होता. बाहेरचे परीक्षक मराठवाड्यातले होते, सौम्य, चष्मा नाकावर घेऊन बघणारे. नमुना कसा निवडला, मुलाखती कशा घेतल्या, सगळं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि वाट बघत होते. पाचव्या प्रकरणाच्या प्रश्नाची. कित्येक महिने मी त्याचीच तयारी केली होती. तुमचा आक्षेप कुणाच्या तरी तोंडून येणार आणि मी त्याला उत्तर देणार, तेव्हाच हे सगळं पुरं होईल असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

परीक्षक म्हणाले, "पाचवं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. फार आशादायक आहे. त्यावर माझा काही प्रश्न नाही."

अध्यक्षांनी सभागृहातल्यांना विचारलं. एका मुलीने जेवण घरपोच देणाऱ्या अ‍ॅपबद्दल विचारलं, मी सांगितलं. मग अध्यक्ष कागद जुळवू लागले. संपलं होतं. नुसतं 'धन्यवाद' म्हणायचं आणि बाहेर जायचं. बाहेर टेबलावर सगळ्यांसाठी आणलेले बटाटेवडे आणि शिऱ्याचे डबे तयार होते.

"सर," मी म्हटलं, "पाचव्या प्रकरणावर एक आक्षेप आहे."

"कुणाचा?"

"माझ्या गाइडचा."

तुमच्या जागी बसलेल्या सरांनी मला हाताने बसायची खूण केली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "तो प्रबंधात आहे का?"

"नाही. म्हणूनच सांगते आहे."

"तुम्ही स्वतःच्याच प्रबंधाविरुद्ध बोलताय, हे लक्षात आहे ना तुमच्या?"

लक्षात होतं. प्रबंध दुरुस्तीसाठी परत पाठवता येतो, हेही माहीत होतं. म्हणजे आणखी एक वर्ष, कदाचित जास्त, आणि तेही तुमच्याशिवाय. मागे संदीपने डोळे मिटून घेतलेले मला दिसले. पण मॅडम, तुमचं म्हणणं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही गेलात आणि तुमच्याबरोबर तेही जाणार, हे मला सहन होईना. मी ते मांडलं. दुपारचे फोन मांडले. हात आणि डोकं मांडलं. आणि कुणाचं नाव न घेता एका घरातली गोष्ट सांगितली: बायको गेली आणि इतकी वर्षं पोळ्या आणणाऱ्या माणसाला किती हव्यात ते सांगता येईना. मी जेवढ्या जोरात माझी बाजू कधी मांडली नाही, तेवढ्या जोरात तुमची मांडली.

परीक्षकांनी पेन काढलं. "मग याला तुमचं उत्तर काय?"

मी सांगू लागले, की पाय आधी त्या वाटेला लागतात आणि... इथे माझा आवाज पडला. मला स्वतःला ऐकू आला.

"म्हणजे निष्कर्ष मागे घेताय?"

"नाही सर. माणूस बदलतो हे मी पाहिलंय, ते मी मागे घेणार नाही. पण तो किती बदलतो ते मला सांगता येत नाही. मी त्यांना काय आणता ते विचारलं. किती आणायचं हे कोण ठरवतं, ते विचारलंच नाही. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही."

मला बाहेर पाठवलं. दार बंद झालं ते बराच वेळ उघडलं नाही. वडे गार होत होते. संदीप माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काय गरज होती गं?" मग आत बोलावलं. पदवीची शिफारस केली. अट एकच, हा आक्षेप पाचव्या प्रकरणाच्या शेवटी, तुमच्या नावानिशी, घालायचा. परीक्षक हात मिळवताना म्हणाले, "तुमच्या मॅडमना मी ओळखत नव्हतो. आज त्यांच्याशी वाद घालावासा वाटला."

घरी येताना एक गोष्ट डोक्यात घुसली आणि ती अजून निघत नाही. तुम्ही असतात तर त्या खोलीत काहीच बोलला नसतात. व्हायव्हाला गाइडने तोंड उघडायचं नसतं, विद्यार्थ्याची बाजू घ्यायची नसते आणि विरोध तर मुळीच करायचा नसतो, हा आपल्याकडचा रिवाज, आणि तुम्ही रिवाज पाळणाऱ्या होतात. तुम्ही समोर गप्प बसून राहिला असतात, आणि मी पाचव्या प्रकरणाचं कौतुक घेऊन तुमच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं असतं. तुमचं म्हणणं कुणी मांडलंच नसतं. मीसुद्धा नाही.

काल कोपरीला गेले. तुमच्या नावाचा तो परिच्छेद लिहून नेला होता. काकांना मोठ्याने वाचून दाखवला. ते नेहमीच्या खुर्चीत टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हो, हे तिचंच आहे. अगदी तिच्या तोंडचं. आणि तुझं उत्तर?"

"लिहितेय, काका. जमत नाही."

ते उठले. "जेवूनच जा तू. आज तू यायची होतीस ना, म्हणून मी सकाळीच केंद्रावर फोन करून सहा पोळ्या सांगितल्या. भाजी वांग्याची नको म्हटलं, तुला खाज येते. आता केंद्रावरची बाई मला विचारत नाही, मीच सांगतो."

आम्ही जेवलो. पोळ्या बरोबर पुरल्या. काका आमटी वाढत होते आणि मी मान वर करत नव्हते, कारण मॅडम, ताटात समोर माझं उत्तर होतं. तुम्ही म्हणायचात की डोकं चालवणारी बाई घरात तयार असते म्हणून पाय तिथेच थांबतात. ते खरंच होतं. तुम्ही घरात नाही म्हणून ते पुढे गेले. माझं म्हणणंही खरं ठरलं आणि तुमचंही, आणि ते ठरायला तुम्हाला जावं लागलं. हे उत्तर मी प्रबंधात लिहिणार नाही. असा वाद मला जिंकायचा नव्हता. तुम्ही समोर असतात, तोंड वाकडं करून बसलेल्या असतात, तर मी जन्मभर हरले असते तरी चाललं असतं.